इंका ट्रेल की चोकेकिराओ? आईसोबत जायचे आहे, अनुभवी मंडळींनी सांगावे

धुकेवाट:

नमस्कार मंडळी. येत्या जुलैच्या शेवटी पेरूला जायचे ठरते आहे. हातात एकूण बारा दिवस. मी चौतीस वर्षांची, नियमित चालते, पण तीन हजार मीटरच्या वर कधी राहिलेली नाही. सोबत आई, वय बासष्ट. तिने शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला आणि इंकांचे दगडी बांधकाम डोळ्यांनी पाहायचे हे तिचे फार जुने स्वप्न आहे. तिचा दम चांगला आहे, डावा गुडघा मात्र उतारावर दुखतो.

माचू पिक्चू या इंकांच्या प्राचीन नगराकडे नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका ट्रेलचे परवाने आमच्या तारखांना संपल्याचे एका कंपनीने कळवले. दुसरी म्हणते की आमच्याकडे आहेत, पैसे आज भरा, नावे नंतर द्या. तिसरी चोकेकिराओ हे इंकांचे दुसरे प्राचीन नगर सुचवते आहे, तिथे गर्दी नाही म्हणे. मला काहीच उलगडत नाही. परवान्याशिवाय, स्वतःचे स्वतः चालत जाता येते का? आणि आईला कुठल्या वाटेने न्यावे?

पाऊलखुणा:

स्वतःचे स्वतः जाता येत नाही. 2001 पासून इंका ट्रेलवर परवानाधारक कंपनी आणि गाइड बंधनकारक आहे. दिवसाला 500 जणांना सोडतात आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे मोजले जातात, म्हणजे पर्यटकांच्या वाट्याला साधारण 200 जागा. परवाना तुमच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे "नावे नंतर द्या" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. पासपोर्ट मध्येच नवा केला तर जुनाही बरोबर ठेवा.

रानजाई:

पाऊलखुणा यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. मी 2018 च्या मे महिन्यात चार दिवसांची वाट चालले, तेव्हा माझे वय एकोणपन्नास होते. सविस्तर लिहिते, कारण निघण्यापूर्वी मला हे कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आधी उंची. कुस्को 3,400 मीटरवर आहे. विमानातून उतरलो आणि त्याच दुपारी आम्ही साक्सायवामान या इंकाकालीन गडावर चढून गेलो. ते प्रचंड दगड, सांध्यात सुरीचे पाते जाणार नाही अशी बसवणूक, हे सगळे मी दुखऱ्या डोक्याने पाहिले आणि रात्रभर ओकत राहिले. तुम्ही असे करू नका. विमानतळावरून थेट खाली ओयांतायतांबोला जा, ते 2,800 च्या आसपास आहे. तिथे दोन रात्री राहा, गावातल्या इंकाकालीन गल्ल्यांतून सावकाश हिंडा, मग कुस्को. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची का, किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो आणि बरे वाटते, पण ती पाने येताना सामानात ठेवू नका. पेरूमध्ये चालतात, इतर बहुतेक देशांत गुन्हा होतो.

आता वाट. एकूण त्रेचाळीस किलोमीटरच्या आसपास, सुरुवात रेल्वेच्या 82 किलोमीटरच्या खुणेजवळ, पिस्काकुचोला. पहिला दिवस उरुबांबा नदीकाठाने, सोपा. वरून पातायाक्ता या इंकाकालीन वस्तीची वळणदार शेते दिसतात. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का खिंड, 4,215 मीटर. केचुआ भाषेत अर्थ "मेलेली बाई", खालून पाहिले तर डोंगरमाथ्याची रेघ निजलेल्या बाईसारखी दिसते. शेवटच्या टप्प्यात मी वीस पावले मोजून टाकत होते आणि थांबत होते. गाइडने एकदाही घाई केली नाही. खिंडीत पोचल्यावर मला रडू आले, आणि ते दमल्यामुळे नव्हते.

पण चढापेक्षा पलीकडचा उतार जड जातो. पाकायमायोच्या मुक्कामापर्यंत सहाशे मीटर खाली, सगळ्या दगडी पायऱ्या, कुठे घोट्याइतक्या, कुठे गुडघ्याइतक्या उंच. तिसऱ्या दिवशी फुयुपातामार्का ते विन्याय वायना, या दोन इंकाकालीन अवशेषांच्या मध्ये पुन्हा तसेच, आणखी लांब, साधारण हजार मीटरचा उतार. तुमच्या आईंचा डावा गुडघा मला इथे आठवतो आहे. काठ्या दोन घ्या आणि टोकांना रबर लावा, उघड्या लोखंडी टोकांना मनाई आहे, ते दगड पाचशे वर्षांचे आहेत.

तिसरा दिवस माझा सर्वांत लाडका. लोक माचू पिक्चूसाठी जातात, पण मला विचाराल तर ही वाट तिसऱ्या दिवसासाठी चालावी. आधी रुंकुराकाय, वर्तुळाकार ठाणे, पळत निरोप नेणारे चास्की इथे विसावत असावेत असे मानतात. मग दुसरी खिंड, मग कड्याच्या टोकावरचे सायाकमार्का, जिथे एका अरुंद जिन्यानेच जाता येते. त्यापुढची फरसबंदी बहुतांशी मूळची. ढगांचे जंगल सुरू होते, ऑर्किड, शेवाळे, एके ठिकाणी कातळ कोरून केलेला बोगदा आणि त्याच्या आत पायऱ्या. फुयुपातामार्का म्हणजे ढगांवरचे गाव. आम्ही गेलो तेव्हा ढग खरोखर खाली होते आणि दगडी कुंडांतून पाणी अजून एकातून दुसऱ्यात पडत होते. ज्या लोकांकडे चाक नव्हते, लोखंड नव्हते, त्यांनी पाण्याचा उतार इतका अचूक काढला. मी तिथे पाऊण तास बसले. विन्याय वायनाला संध्याकाळी आमच्याशिवाय चारच माणसे होती. खाली माचू पिक्चूला दुसऱ्या दिवशी हजारो.

चौथ्या पहाटे अंधारातच चौकीपाशी रांग लागते, साडेपाचला सोडतात. इंतिपुंकू, म्हणजे सूर्यद्वार, तिथून पहिल्यांदा माचू पिक्चू दिसते. आम्हाला पंधरा मिनिटे फक्त पांढरे धुके दिसले, मग ते कडेकडेने विरले.

आता ज्यासाठी मी खरे तर लिहायला बसले ते. आमची कंपनी स्वस्त म्हणून निवडली होती. दुसऱ्या रात्री पाण्याची बाटली भरायला उठले, जेवणाच्या तंबूत डोकावले, तर आमचे पोर्टर तिथेच उघड्या जमिनीवर एकमेकांना चिकटून झोपलेले. खाली प्लास्टिकचा कागद, वर पातळ पांघरुणे. बाहेर गवतावर दहिवर गोठलेले. सकाळी त्यातल्याच एकाने माझ्या तंबूपाशी गरम पाणी आणून ठेवले आणि हसला. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही. पेरूत पोर्टरसाठी 2001 पासून कायदा आहे, पुरुषाला 20 आणि बाईला 15 किलोपेक्षा जास्त ओझे देता येत नाही, आणि सुरुवातीच्या चौकीवर वजन होते. पण झोपायला काय, जेवायला काय, मजुरी वेळेवर मिळते का, हे चौकीवर कुणी तपासत नाही. तुम्ही विचारा. पैसे भरण्याआधी लेखी विचारा: पोर्टरांना वेगळा तंबू आणि चटई मिळते का, बूट कोण देतो, एका पर्यटकामागे किती पोर्टर. जी कंपनी तपशिलाने उत्तर देईल ती थोडी महाग असेल, तीच घ्या. आणि बक्षिसी सोलमध्ये, म्हणजे पेरूच्या चलनात, सुट्ट्या नोटांत, शक्यतो प्रत्येकाच्या हातात द्या. "सुल्पायकी" म्हणजे धन्यवाद, हा एक शब्द पाठ करून जा. त्यांच्यातल्या पुष्कळांची घरची बोली स्पॅनिश नव्हे, केचुआ आहे.

धुकेवाट:

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. पोर्टरांचे ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ती दगडं वाहणारेही त्यांचेच पूर्वज असतील." दुसऱ्या कंपनीला नकार कळवला. चोकेकिराओबद्दल कुणी सांगेल का?

कातळमाया:

मी गेलोय, 2022 च्या ऑगस्टमध्ये, जाऊन येऊन चार दिवस. थेट सांगतो, दुखऱ्या गुडघ्याला ही वाट इंका ट्रेलपेक्षा वाईट. कापुलियोकहून अपुरिमाक नदीच्या खोऱ्यात साधारण 1,400 मीटर उतरायचे, पूल ओलांडून पलीकडे तितकेच चढून माराम्पाताला मुक्काम करायचा, आणि परतताना तेच उलटे. खाली नदीपाशी ऊन भाजून काढते, बारीक माश्या पिंडऱ्या फोडतात. ओझी खेचरांवर जातात.

पण जे पाहायला मिळते त्याला तोड नाही. बराचसा भाग अजून झाडीखाली गाडलेला आहे. मी पोचलो त्या सकाळी मोठ्या चौकात आम्ही चौघे आणि एक राखणदार. पश्चिमेकडच्या तीव्र उतारावर शेतीच्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी लामा (तिकडचे ओझे वाहणारे प्राणी) जडवलेले, दोन डझनांच्या आसपास, रांगेने वर चढणारे. माचू पिक्चूच्या बांधकामात असे काही मी पाहिले नाही. माचू पिक्चू जगापुढे आणणारा अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम इथे 1909 मध्येच येऊन गेला होता, तिथे तो 1911 मध्ये पोचला. माचू पिक्चूलाही त्याच्याआधी माणसे होतीच. खाली शेती करणाऱ्या मेल्चोर आर्तेआगाने त्याला वाट दाखवली, आणि भिंतीवर आगुस्तिन लिसारागाने 1902 साली कोळशाने लिहिलेले नाव त्याने स्वतः वाचले. तुमच्या आईंना ही गोष्ट शिकवायला आवडली असती असे वाटले म्हणून लिहिले.

तुम्ही एकट्या असतात तर चोकेकिराओच म्हटले असते. इंका ट्रेलसारखी माणसांची मर्यादा तिथे नाही, परवान्याची घाई नाही. आईंसोबत, नको.

रानजाई:

कातळमाया म्हणतात ते पटले. धुकेवाट, तुमच्यासाठी मधली वाट आहे. रेल्वेच्या 104 किलोमीटरच्या खुणेपाशी आगगाडीतून उतरून एका दिवसात चालायची छोटी इंका ट्रेल. चाचाबांबाचे अवशेष, मग चढ, मग विन्याय वायना, मग इंतिपुंकूवरून माचू पिक्चू. दहा-बारा किलोमीटर, 2,700 च्या फार वर जात नाही, तंबू नाहीत, आणि बहुतेक चढच आहे. शेवटी इंतिपुंकूपासून उतार लागतो, पण तो तासाभराचा. रात्री माचू पिक्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावात पलंगावर झोपायचे, दुसऱ्या सकाळी बसने पुन्हा वर. याला परवाना वेगळा लागतो आणि तो चार दिवसांच्या वाटेपेक्षा उशिरा संपतो, तरी आजच चौकशी करा. फेब्रुवारीत मोठी वाट दुरुस्तीसाठी बंद असते, तुमचा जुलै मात्र कोरडा आणि सर्वांत गर्दीचा. रात्री थंडी कडाक्याची पडते.

धुकेवाट:

आईला विचारले. तिचा एकच प्रश्न आहे: विन्याय वायनाला बसायला वेळ मिळेल ना, की गाइड पुढे हाकेल?

रानजाई:

मिळेल, पण लवकर पोचावे लागेल. पहिल्या गाडीने निघा आणि गाइडला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्हाला जेवण तिथे करायचे आहे. वरच्या पायऱ्यांवरून उजवीकडे पाण्याची कुंडे ओळीने उतरताना दिसतात. आईंना तिथल्या सर्वांत वरच्या कुंडापाशी बसवा, आवाज तिथून ऐकू येतो.