मदत हवी आहे: एआयने शोधून दिलेल्या निवाड्यांची जबाबदारी कोणाची?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या सरांकडे ज्युनिअर आहे. ऑफिसात आता एआय टूल आलंय. नोटिशीचा पहिला मसुदा, सातबारा-फेरफारांचा तारीखवार गोषवारा, जुने निवाडे शोधणं, सगळं त्याच्याकडे. गोषवारा झकास काढतं, खोटं कशाला बोलू. घोळ निवाड्यांचा आहे. परवा वाटपाच्या दाव्यासाठी त्याने दिलेला निवाडा निवाडा-संग्रहाच्या त्या खंडात, त्या पानावर उघडून पाहिला, तर तिथे भलताच मोटार अपघाताचा खटला! आणि टूलच्या उत्तरात पक्षकारांची नावं, परिच्छेद क्रमांक, सगळं कसं ठसठशीत.

2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने माता विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात एआयने रचलेले असे बनावट निवाडे कोर्टात सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड केला, हे सरांना दाखवलं. म्हणाले, "तू तपासतेस ना, मग झालं." म्हणजे वेळ त्यांचा वाचणार आणि मान माझी अडकणार.

तुमच्याकडे कोणी काय तपासलं याची नोंद फाइलला ठेवता का? कशी? एआय वापरतो हे अशिलाला वकीलपत्र घेतानाच सांगता का? आणि घटस्फोटाची कागदपत्रं नावं न झाकता टूलमध्ये टाकायला माझा नकार आहे, तो सरांच्या गळी कसा उतरवू? केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये एआय वापराचं धोरण आणलं, पण ते जिल्हा न्यायालयांतल्या न्यायाधीश-कर्मचाऱ्यांसाठी. वकिलांच्या ऑफिससाठी कोणी साधी नियमावली केली असेल, तर नमुना पाठवा. एक पानही चालेल.