गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा

अमेरिकेत राहणाऱ्यांना काही जण सल्ला देतात की दुकानातल्या किरकोळ चोरीची केस असेल तर गुन्हा कबूल करून प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणं) घ्यावं, नंतर रेकॉर्ड साफ होतं. अमेरिकन नागरिकाला ते चालून जाईल. ग्रीन कार्ड (कायम रहिवास) किंवा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर कृपया असं करू नका.

तुम्ही गुन्हा कबूल केलात आणि कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की राज्याने पुढे केस रद्द केली तरी इमिग्रेशन कायदा सहसा ती दोषसिद्धीच धरतो. या कायद्यात १९९६ साली झालेल्या बदलांनंतर चोरीसाठी एक वर्षाची शिक्षा, अगदी स्थगित ठेवलेली असली तरी, 'ॲग्रव्हेटेड फेलनी' (हद्दपारी ओढवणारा गंभीर गुन्हा) ठरते. म्हणजे एक दिवसही तुरुंगात न जाता हद्दपारी! शिक्षा वर्षाऐवजी ३६४ दिवसांची व्हावी म्हणून वकील का झगडतात ते यावरून कळेल.

होजे पडियाचंच उदाहरण घ्या: व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेला, चाळीस वर्षं कायम रहिवासी. त्याचा वकील म्हणाला, इतकी वर्षं राहताय, काळजी नको; त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची वेळ आली. त्याच्याच खटल्यात २०१० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हद्दपारीचा धोका अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. इमिग्रेशन कोर्टात मात्र सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, आणि मला हा सरळ अन्याय वाटतो. त्यामुळे कबुलीवर सही करण्याआधी फौजदारी आणि इमिग्रेशन अशा दोन्ही वकिलांना एकमेकांशी बोलायला लावा.