फोर्झा होरायझन ५: लागोपाठच्या वळणांत ड्रिफ्ट तुटतो, सेटअप कुठून बदलायला घ्यावा?

वळणवाट:

नमस्कार. मी फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा खेळ संगणकावर साध्या कंट्रोलरने खेळतो आणि सध्या माझे सगळे लक्ष ड्रिफ्टवर, म्हणजे मागची चाके घसरवत गाडी आडवी चालवण्यावर आहे. गाडी २००० सालची निसान सिल्विया स्पेक-आर, म्हणजे एस१५ आहे. ती रिअर व्हील ड्राइव्हच (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवली असून ड्रिफ्ट टायर आणि ड्रिफ्ट सस्पेन्शन बसवले आहे. इंजिनाची ताकद सुधारणा करून साधारण ७०० अश्वशक्तीपर्यंत नेली आहे. ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल दोन्ही बंद आहेत आणि गिअर मी स्वतः बदलतो.

एकटे वळण असेल तर मला ते नीट जमते. हँडब्रेकचा हलका झटका, उलट स्टिअरिंग, अ‍ॅक्सिलरेटर, आणि गाडी वळणाच्या शेवटापर्यंत आडवी राहते. पण ज्वालामुखीकडे चढणाऱ्या रस्त्यासारखी डावी-उजवी वळणे लागोपाठ आली, की दिशा बदलताना एक तर गाडी गर्रकन उलटे तोंड करते, नाहीतर मागची चाके अचानक पकड घेतात आणि गाडी सरळ होऊन रस्त्याबाहेर जाते. लांब वळणात आणखी एक त्रास होतो: तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, आदळत राहते आणि चौथा टाकला की घसरणेच थांबते.

इतर खेळाडूंचे तयार ट्यून (सेटअपचे आकडे) उतरवून पाहिले. एखादा ट्यून एका रस्त्यावर अप्रतिम वाटतो आणि दुसऱ्यावर अजिबात चालत नाही, पण असे का होते ते मला कळत नाही. यातला कोणता दोष सेटअपचा आहे आणि कोणता हाताचा, हे ओळखायचे कसे? शिवाय ड्रिफ्ट झोनमध्ये, म्हणजे ड्रिफ्टला गुण मिळणाऱ्या रस्त्याच्या भागात, तीन तारे मिळवण्यासाठी अनेक जण ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) सुचवतात. ते आत्ताच करावे का?

मागची_चाके:

तुमच्या वर्णनातले सर्वांत उपयोगी वाक्य लिमिटरविषयीचे आहे, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी असे मला वाटते. ड्रिफ्टमध्ये गाडीचा वेग आणि मागच्या चाकांच्या फिरण्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी असतात. गाडी ताशी ८० किलोमीटरने पुढे सरकत असताना मागची चाके ताशी ११० किंवा १२० च्या हिशेबाने फिरत असतात, आणि हा फरक टिकतो तोवरच मागचा भाग बाहेर राहतो. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये लिमिटर ताशी ११० ला लागतो. मग ८० च्या वळणात तुमच्या हाती ३० चे अंतर असते. तेच वळण तुम्ही ९५ ने घेतले तर केवळ १५ उरतात, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून कोन वाढवण्याचा मार्ग बंद होतो. चौथ्या गिअरमध्ये नेमके उलटे घडते. इंजिनाचे फेरे टर्बोच्या जोरकस पट्ट्याच्या खाली घसरतात, चाकांपर्यंत पोहोचणारा टॉर्क कमी होतो आणि टायर पकड घेतात.

उतरवलेला ट्यून एका रस्त्यावर चालून दुसऱ्यावर न चालण्याचे कारणही बहुतेक वेळा हेच असते. ज्याने तो बनवला, त्याने तो विशिष्ट वेगाच्या वळणांसाठी गिअर जुळवून बनवलेला असतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) आणि स्प्रिंग यांवर लोक पानेच्या पाने लिहितात, पण गिअरचे गुणोत्तर मात्र कारखान्यातून आले तसेच ठेवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सेटअपमध्ये सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो.

त्यासाठी रेस ट्रान्समिशन घ्या. स्पोर्ट ट्रान्समिशनमध्ये केवळ फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना एकत्र लागू होणारे गुणोत्तर) बदलता येतो, रेसमध्ये प्रत्येक गिअर स्वतंत्रपणे बदलता येतो. ज्या रस्त्यावर सराव करणार आहात, त्यातले सर्वांत वेगवान वळण तुम्ही किती वेगाने घेता ते पाहा आणि त्या वेगाच्या साधारण दीडपटीवर तिसऱ्या गिअरचा लिमिटर येईल इतका तो गिअर लांब करा, म्हणजे त्याचे गुणोत्तर कमी करा. नंतर चौथा गिअर तिसऱ्याच्या जवळ आणा, म्हणजे कधी तो टाकावा लागलाच तर फेरे फार खाली पडणार नाहीत. एकाच गिअरमध्ये रस्त्याचा तो सगळा भाग निघाला, तर दिशा बदलताना गिअर हा विषयच डोक्यातून जातो आणि सगळे लक्ष स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरवर राहते.

दुसरी गोष्ट ताकदीची. अमेरिकेतल्या फॉर्म्युला ड्रिफ्ट स्पर्धेतल्या गाड्या १००० अश्वशक्तीच्या आसपास असतात, हे पाहून आपल्यालाही तेवढी ताकद हवीशी वाटते. पण त्या गाड्यांचे मागचे टायर अतिशय चिकट असतात, आणि ती पकड सतत तोडत राहायला तेवढी ताकद लागते. ड्रिफ्ट टायरवर ७०० अश्वशक्ती असताना कंट्रोलरचा ट्रिगर किंचित जास्त दाबला गेला, तरी चाकांचा वेग एका क्षणात कुठल्या कुठे जातो. गाडी उलटे तोंड करते त्यामागे हे एक कारण नक्की आहे. ४०० ते ४५० वर या. एस१५ स्पेक-आर जपानमध्ये २५० अश्वशक्तीची विकली जात होती, म्हणजे हीसुद्धा भरपूर वाढ आहे.

डिफरन्शियलमध्ये (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) अ‍ॅक्सिलरेशन १०० टक्के ठेवा, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र फिरतील. नाहीतर आतले हलके झालेले चाक एकटेच फिरत बसते आणि बाहेरचे पकड घेते. डिसिलरेशनही ८० च्या पुढे न्या. ते कमी असले तर अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मागचा भाग अनपेक्षितपणे सैल होतो, आणि तुमची अडचण अगदी त्याच क्षणाची आहे.

घाटवाट:

गिअर आणि ताकदीविषयी वर जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे, पण दिशा बदलताना होणारे दोन्ही अपघात मुख्यतः हाताचे आहेत असे माझे मत आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

एका बाजूने आडवी असलेली गाडी दुसऱ्या बाजूला आडवी होताना मध्ये एक क्षण सरळ होते. त्या क्षणी गाडीचे वजन एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूच्या चाकांवर जात असते आणि हा झोलच गाडीला नव्या दिशेने फेकतो. अ‍ॅक्सिलरेटर अर्धा सोडायचा तो गाडी सरळ होण्याच्या आधी, आणि पुन्हा दाबायचा तो सरळ रेषा ओलांडल्यावर, मागचा भाग नव्या बाजूला निघाला की लगेच. तुम्ही पूर्ण सोडून वाट पाहत राहिलात तर चाकांचा वेग गाडीच्या वेगाइतका होतो, टायर पकड घेतात आणि गाडी सरळ निघून जाते. उलट, सरळ होण्याआधीच पूर्ण दाबलेत किंवा उलट स्टिअरिंग उशिरा दिलेत, तर झोल आणि ताकद एकाच दिशेला काम करतात आणि गाडी गर्रकन फिरते. तुमच्या दोन दोषांत फरक आहे तो केवळ या वेळेचा. म्हणून गाडी फिरली की स्वतःला विचारा, ताकद लवकर दिली की स्टिअरिंग उशिरा गेले. रिवाइंडची सोय आहे, तिचा उपयोग तेच वळण पुन्हा घेण्यासाठी करण्यापेक्षा नेमके काय घडले ते पाहण्यासाठी करावा.

कंट्रोलरवर स्टिअरिंगची काठी एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला ढकलण्याची सवय लागते, ती मोडायला हवी. मागचा भाग फिरू लागला की काठी आधी मधोमध येऊ द्या आणि मग नव्या बाजूला हवी तेवढीच न्या. सिम्युलेशन स्टिअरिंग निवडले तर चाके अधिक चटकन वळतात. सुरुवातीला गाडी बिथरल्यासारखी वाटेल, पण लागोपाठच्या वळणांत तो चटपटीतपणा उपयोगी पडतो. अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोलमध्ये स्टिअरिंगचा आतला डेडझोन (काठी हलवूनही काही न घडणारा मधला भाग) कंट्रोलर सहन करेल तेवढा कमी करा, म्हणजे काठीच्या लहान हालचालीही गाडीपर्यंत पोहोचतील.

सरावासाठी मोकळ्या सपाट जागेत आधी एकाच आकाराचे वर्तुळ अ‍ॅक्सिलरेटरवर धरून ठेवा. ते वर्तुळ इच्छेनुसार लहान-मोठे करता यायला लागले की इंग्रजी आठचा आकार काढा. आठाच्या मधल्या छेदावर तुम्हाला अडचणीचा क्षण दर काही सेकंदांनी, कमी वेगात आणि दरीची भीती नसताना मिळतो. रस्त्यावर तोच क्षण मिनिटातून एकदा येतो, म्हणून तिथे शिकायला फार वेळ लागतो.

ताकदीबाबत एक भर घालावीशी वाटते. ज्यांना ड्रिफ्ट किंग म्हणतात त्या केइची त्सुचिया यांचे नाव टोयोटाच्या एई८६ या गाडीशी जोडले गेले आहे, आणि त्या गाडीचे मूळ इंजिन १.६ लिटरचे, साधारण १३० अश्वशक्तीचे होते. एवढ्या ताकदीवर घाटात गाडी आडवी ठेवायची, तर आधीचा वेग, ब्रेकने पुढे आणलेले वजन आणि वळणाच्या उलट बाजूला दिलेली हूल याच गोष्टी कामी येतात. ४५० वर जमले नाही तर ताकद वाढवण्याऐवजी आणखी कमी करून काही दिवस चालवून पाहा. हँडब्रेकवरचे अवलंबित्व आपोआप कमी होईल.

वळणवाट:

दोघांचेही मनापासून आभार. तिसरा गिअर लांब केला आणि ताकद ४२० वर आणली, तेव्हा लांब वळणातली अडचण लगेच कमी झाली. आठाचा आकार अजून तुटक येतो, पण गाडी कधी फिरणार हे आता आधी जाणवते.

एक शंका आहे. जवळजवळ प्रत्येक ड्रिफ्ट ट्यूनमध्ये पुढचा कॅम्बर उणे ५ आणि कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) ७ असे टोकाचे आकडे दिसतात. यामागे काही कारण आहे, की सगळे एकमेकांचे पाहून ठेवतात?

सिम_चालक:

कारण आहे, आणि ते समजून घेतले तर आकडा आपल्या गाडीप्रमाणे ठरवता येतो. गाडी डावीकडे वळताना आडवी आहे असे धरा. उलट स्टिअरिंगमुळे पुढची चाके उजवीकडे वळलेली आहेत आणि वजन उजव्या पुढच्या चाकावर आहे. कास्टर असलेल्या गाडीत स्टिअरिंग ज्या बाजूला वळवाल, त्या बाजूच्या चाकाचा माथा बाहेरच्या दिशेला कलतो, म्हणजे त्याचा कॅम्बर धनाकडे सरकतो. याचा अर्थ, सर्वांत जास्त भार पेलणारे चाक नेमके बाहेरच्या कडेवर उभे राहू लागते. आधीच उणे कॅम्बर दिलेला असला तर उलट स्टिअरिंगच्या स्थितीत तेच चाक रस्त्यावर सपाट बसते आणि पुढची पकड टिकते. कास्टर जास्त हवा तो यासाठी, की चाके गाडीच्या प्रवासाच्या दिशेकडे आपोआप वळू पाहतात.

मी असेटो कोर्सा हा गाड्यांचा दुसरा खेळ स्टिअरिंग व्हील लावून खेळतो. तिथे ही ओढ हातांना प्रत्यक्ष जाणवते: दिशा बदलताना व्हील सैल सोडले, तर ते स्वतःच उलट बाजूला फिरते आणि योग्य वेळी पकडणे एवढेच काम उरते. कंट्रोलरवर ती जाणीव नसते, म्हणून टोकाच्या आकड्यांचा सगळा लाभ मिळेलच असे नाही. तुम्ही कॅम्बर उणे ३ पासून सुरू करा. मोठ्या कोनात गाडीचे नाक बाहेर ढकलले जात असेल तर अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाढवा, आणि वळणात शिरतानाच्या ब्रेकवर पुढची पकड कमी वाटू लागली की थांबा. मागचा कॅम्बर शून्य ते उणे १ पुरेसा आहे, कारण मागच्या टायरने आडवे घसरतानाही गाडीला पुढे ढकलत राहायचे असते. पुढे थोडा टो-आउट (चाकांची पुढची टोके बाहेर) आणि मागे अगदी किंचित टो-इन (ती टोके आत) दिला, तर नाक चटकन फिरते आणि शेपूट शांत राहते.

बदल करताना टेलिमेट्रीमध्ये (चालत्या गाडीचे आकडे दाखवणारी सोय) मागच्या टायरचे तापमान आणि हवेचा दाब पाहत चला. सतत घसरण्याने टायर तापतो आणि दाब वाढतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाला आवडलेला सेटअप पाचव्या मिनिटाला निराळा वागतो. एका वेळी एकच आकडा बदला आणि टायर तापल्यावरच मत बनवा.

मागची_चाके:

ऑल व्हील ड्राइव्हचा प्रश्न राहिला होता. खेळातला ड्रिफ्ट झोन कोन आणि वेग मोजून गुण देतो. पुढची चाकेही ओढत असल्यामुळे ऑल व्हील ड्राइव्ह गाडी मोठ्या कोनातही वेग गमावत नाही, म्हणून तिला गुण जास्त मिळतात. फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये रिअर व्हील ड्राइव्हच चालते, आणि तिथले परीक्षक गाडीची रेषा, कोन आणि शैली पाहतात. दोन्हींच्या मागण्या वेगळ्या आहेत.

चालवण्याची रीतही वेगळी आहे. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये गाडी फार फिरू लागली तर अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ती सरळ ओढली जाते, आणि रिअर व्हील ड्राइव्हमध्ये तोच अ‍ॅक्सिलरेटर तिला आणखी फिरवतो. तुम्ही आत्ता ताकद देण्याची वेळ शिकत आहात, त्यामुळे मधेच उलट सवय लावून घेऊ नये असे मला वाटते. ताऱ्यांसाठी दुसरी गाडी वेगळी तयार करा आणि एस१५ आहे तशीच राहू द्या. आठाचा आकार दोन्ही बाजूंनी सारख्याच आकाराचा यायला लागला, की ज्वालामुखीचा रस्ता आधी चढताना घ्या आणि नंतर उतरताना. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येते आणि मागचा भाग हलका होतो, त्यामुळे तिथे अ‍ॅक्सिलरेटर कमी लागतो आणि तोच लिमिटर थोडा आणखी वरच्या वेगावर हवा असतो.