एका सत्रासाठी दुसऱ्या कॉलेजात: तुमचे अनुभव लिहा

माझी आतेबहीण इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जानेवारीचं सत्र तिला दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात करता येणार आहे. फॉर्म भरायला आठ दिवस उरलेत आणि घरात दोन मतं आहेत. आत्या म्हणते, परदेशी जायचं असतं तर गोष्ट वेगळी. आपल्याच देशात चार महिने दुसऱ्या वर्गात बसून काय निराळं मिळणार? आत्याचा प्रश्न मला रास्त वाटतो. मी स्वतः नागपूरहून असाच गुवाहाटीला गेलो होतो. तिला फोनवर सांगितलं तेच इथे लिहितोय. देशातल्या देशात असं कोणी गेलं असेल तर आपापलं लिहा. फसलेलंही लिहा, तिला तेही वाचायचंय.

नागपूर ते गुवाहाटी

आयआयटी ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठाला आहे, शहर दक्षिण काठाला. मधे १९६२ साली झालेला सराईघाट पूल. पहिले तीन आठवडे मला अजिबात करमलं नाही. जानेवारीत तिथे पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. लॅबमधून बाहेर यावं तर मिट्ट अंधार, आणि घड्याळात जेमतेम साडेपाच. नागपुरात ती चहाची वेळ. रात्र संपता संपत नसे. आईला मात्र फोनवर 'मजेत आहे' सांगायचो.

रूम पार्टनर आसामातल्याच शिवसागरचा होता. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्याने विचारलं, तुमच्याकडे खडकवासल्याला एनडीएत सर्वोत्कृष्ट छात्राला आमच्या लाचित बोरफुकनच्या नावाचं सुवर्णपदक देतात, माहीत आहे ना? १९९९ पासून देतात. मला लाचितच माहीत नव्हता. मग त्याने सांगितलं, आसामवर राज्य करणाऱ्या अहोमांच्या या सेनापतीने १६७१ साली सराईघाटला, म्हणजे आम्ही रोज बसमधून ओलांडायचो त्याच पाण्यावर, मुघलांना हरवलं. मी सहज विचारलं, मुघलांचा सेनापती कोण होता? म्हणाला, राजा रामसिंग.

मी अंथरुणात उठून बसलो. मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग! १६६६ साली आग्र्यात शिवाजी महाराजांसाठी बादशहाकडे जामीन राहिलेला. पुरंदरचा तह आणि आग्र्याहून सुटका हे धडे आमचे तोंडपाठ, पण सुटकेनंतर रामसिंगाचं पुढे काय झालं हे कधी मनातही आलं नव्हतं. आणि माझ्या मित्राच्या डोक्यात तो थेट ब्रह्मपुत्रेवरच उगवलेला. आग्र्याची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. रात्री दीड वाजता वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांचे धडे जोडले. एक टोक त्याच्याकडे होतं, एक माझ्याकडे.

एप्रिलच्या मध्यात बोहाग बिहूला, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणाला, तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने दोन्ही हातांनी गामोसा दिला, म्हणजे तिकडचा पंचा, पांढऱ्यावर लाल विणीचा. जेवणात पहिला पदार्थ खार: केळीच्या सालीची राख पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घेतात आणि त्यात कच्ची पपई शिजवतात. पहिला घास अवघड गेला. मे महिन्यात निघताना मात्र सुकवलेल्या सालींची पुडी मी मागून आणली. ती पुडी अजून आईच्या फडताळात आहे.

नाशिक ते चेन्नई

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. तिथे जाऊन मला एका दिवसाचाही पश्चात्ताप झाला नाही. आयआयटी मद्रासची वसतिगृहं नद्यांच्या नावांची आहेत आणि मला, नाशिकच्या मुलाला, मिळालं गोदावरी! सकाळी वर्गाला जाताना रस्त्याकडेला चितळं चरत असतात, कधी काळवीटही दिसतं. आणि मेसमधलं रस्सम. सर्दी झाली की अजून आठवतं.

घोळ झाला तो परत आल्यावर. मी तिथे चार विषय घेतले होते. निघताना विभागातले सर तोंडी म्हणाले होते, 'जा तू, आल्यावर बघू.' मी त्यावर विसंबलो. आल्यावर आमच्या कॉलेजच्या समितीने त्यातले दोन विषय 'समकक्ष नाहीत' म्हणून बाजूला ठेवले. शिवाय तिथे सर्वांत वरची श्रेणी एस, त्याखाली ए. आमच्या कार्यालयाने एस म्हणजे काय हे विचारायलाच दीड महिना लावला. शेवटी ते दोन विषय मला इथे पुन्हा करावे लागले, मित्रांच्या प्लेसमेंट चालू असताना. फार त्रास झाला.

म्हणून ताईला सांगा: गाडीत बसण्याआधी, तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार हे सही-शिक्क्यानिशी घे. अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत जोड. तिथला विषय ऐन वेळी रद्द होतो, तेव्हा प्रत्येकाला एक पर्याय आधीच मंजूर करून ठेव. २०२१ पासून, विषय पास झाल्यावर मिळणारी क्रेडिट जमा ठेवणारी क्रेडिट बँक आली आहे, त्यात क्रेडिट सात वर्षांपर्यंत राहतात, हे खरं. पण जमा झालेलं क्रेडिट कशाच्या बदल्यात धरायचं ते आपलं कॉलेजच ठरवतं. आणि श्रेण्यांचा तक्ता गुणपत्रिकेसोबत मागून घे, तिथून निघायच्या आत.

मुलाची आई, सांगली

आत्यांसाठी लिहिते. माझा मुलगा भोपाळला गेला होता. मीही हेच म्हणत होते की आपल्याच देशात तर आहे, त्यात काय शिकणार. तिथे दुसऱ्या महिन्यात त्याला कावीळ झाली. मी पोचेपर्यंत दीड दिवस गेला. तेवढ्यात वर्गातल्या मुलांनी, ज्यांची नावं त्याला नीट येत नव्हती, पाळ्या लावून त्याला सांभाळलं. एका मुलाची आई मुगाची पातळ खिचडी डब्यात देत होती, चार दिवस. मी तिचे हात धरले, बोलता काही आलं नाही. आत्याबाई, काळजी वाटणारच. आरोग्य विम्याचं कार्ड आणि वसतिगृहाच्या वॉर्डनचा नंबर जवळ ठेवा. पाठवा तिला.

बडोदा ते पुणे

माझा प्रवास उलटा, महाराष्ट्राकडे. आमच्या चार पिढ्या बडोद्यात, घरात मराठीच बोलतो. त्यामुळे पुण्यात एक सत्र म्हणजे आजोळी जाण्यासारखं असेल असं धरून आले होते.

पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीला फोन केला, 'मी खाली येऊन गेले.' आणि फाटकाशी वीस मिनिटं उभी राहिले. ती काही उतरेना. तिला वाटलं, मी येऊन परत गेले! आमच्याकडे 'येऊन गेले' म्हणजे येऊन पोचले. गुजरातीतलं 'आवी गई' आमच्या मराठीत मुरलंय हे मला तोवर कळलंच नव्हतं. बडोद्यात मी मराठी, पुण्यात पाहिलं तर गुजराती. सुरुवातीला फार लागलं ते मनाला. वर्गात बोलायचीच बंद झाले होते.

मग भाषाविज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एकदा थांबवून घेतलं आणि म्हणाल्या, तू जे बोलतेस ते चुकीचं नाही, ते बडोद्याचं आहे. आजीला विचारून अशी वाक्यं लिहून आण. मी रोज रात्री आजीला फोन करायचे. दोनशेहून जास्त वाक्यं जमली. मेसवाल्या काकू (रविवारी संध्याकाळी मेस बंद, हे ज्याला माहीत नाही तो उपाशी राहतो) त्यातली निम्मी ऐकून खूश व्हायच्या. ती वही मी आजीला परत नेऊन दिली. ती रोज चष्मा लावून स्वतःचीच वाक्यं वाचत बसायची.

पुणे ते शांतिनिकेतन

मी चित्रकलेची. जुलै ते डिसेंबर कलाभवनात, म्हणजे तिथल्या विश्वभारती विद्यापीठाच्या कला विभागात होते. सांगण्यासारखं खूप आहे, दोनच गोष्टी सांगते.

तिथे आठवड्याची सुट्टी बुधवारी. बुधवारी सकाळी काचेच्या उपासनागृहात प्रार्थना असते, आणि रविवारी मी वर्गात. आईचा फोन रविवारी यायचा, तो हुकायचा. आठवड्याचे वार अंगात इतके रुजलेले असतात हे तिथेच कळलं. महिनाभर मला रोजचा वार चुकल्यासारखा वाटायचा.

दुसरी गोष्ट रामकिंकर बैज यांच्या 'संथाळ कुटुंब' या शिल्पाची. १९३८ सालचं, सिमेंट आणि तिथल्याच तांबड्या मुरमाचं. पुस्तकात छायाचित्र पाहिलं होतं, गुळगुळीत कागदावर. प्रत्यक्षात त्याच्या पृष्ठभागावर खडे दिसतात, एकेक, हरभऱ्याच्या डाळीएवढे. पाऊस पडला की रंग गडद होतो आणि बाहेरच्या वाटेचा आणि त्या आकृत्यांचा रंग एकच होऊन जातो. मी बहात्तर रेखाटनं केली त्याची. शिकवणारे दादा (तिथे शिक्षकांना दादा नि दीदी म्हणतात) काही न बोलता मागे उभे राहायचे. एकदा एवढंच म्हणाले, आता उलट्या बाजूने काढ. त्या बाजूने मी एकदाही गेले नव्हते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सायकलवरून येताना ओळखीचा उग्र-गोड वास आला. छातिम फुलला होता. विश्वभारतीत पदवीदान समारंभात याच झाडाची पानं देतात, म्हणून तिथे त्याचा मान मोठा. आमच्या पुण्याच्या गल्लीतही तेच झाड आहे, सातवीण. सायकल उभी केली आणि आईला फोन लावला. बुधवार होता. आई म्हणाली, 'अगं, आपलीही आजच फुललीय.'