मदत हवी आहे : फुलोऱ्यातल्या गांजाला बुरशी

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत राहतो. इथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला घरी गांजाची तीन झाडं लावता येतात. यंदा पहिल्यांदाच अंगणात कुंड्यांमध्ये लावली. ऑगस्टमध्ये दिवस लहान होऊ लागले तशी फुलोऱ्यावर आली. आता आठवडाभर पावसाची झड आहे. काल एका जाड तुऱ्यातलं पिवळं पान ओढलं तर अलगद हातात आलं. आत तपकिरी कुजका गाभा, वर राखाडी लव. गावाकडे द्राक्षावर भुरी पाहिली आहे, ही तशी नाही. तो तुरा चांगला दोन बोटं खालून कापला. बाकीच्या तुऱ्यांचे तंतू अजून पांढरेच आहेत, म्हणजे फुलं काढणीला तयार नाहीत. कुंड्या छपराखाली घेऊ, की आतली पानं विरळ करू? फुलांवर फवारणी करायची नाही. जीव लावून वाढवलीत हो, लवकर सांगा.