चार सलग लीग जिंकल्या, पण सर्वात मोठं राज्य कुणाचं?

ऑफसाइड_आबा

मँचेस्टर सिटीने २०२०-२१ ते २०२३-२४ अशी सलग चार वर्षं लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा, जिंकली. इंग्लंडमध्ये हे आधी कुणालाच जमलं नव्हतं, हे कबूल. पण म्हणून इंग्लिश फुटबॉलमधलं सर्वात मोठं वर्चस्व सिटीचं, असं जे सर्रास बोललं जातं ते मला पटत नाही. तो मान १९७३ ते १९९० च्या लिव्हरपूलचा.

अठरा मोसमांत अकरा विजेतेपदं, वर चार युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा). १९८०-८१ मध्ये पाचवे आले, ते एक वर्ष सोडलं तर कायम पहिले किंवा दुसरे. प्रशिक्षक शँक्ली गेले, पेझली आले, मग फेगन, मग डॅलग्लिश. गादीवरचा माणूस बदलला, घडी विस्कटली नाही, कारण पुढचा माणूस घरातच तयार असायचा. सिटीतून प्रशिक्षक ग्वार्डिओला वजा करा आणि काय उरतं ते सांगा.

दुसरं म्हणजे तेव्हा मैदान बरंच सपाट होतं. १९८३ पर्यंत तिकिटांच्या पैशातला वाटा पाहुण्या संघालाही मिळायचा. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये खालच्या डिव्हिजनमधून वर आला आणि १९७८ मध्ये थेट चॅम्पियन! कुणीही उठून मुंडी पकडू शकेल अशा काळात लिव्हरपूल वर टिकला.

निळा_नाना

ग्वार्डिओला वजा केला तर २०१२ चं मान्चिनीचं आणि २०१४ चं पेलेग्रिनीचं विजेतेपद उरतं, आबा.

आणि समोर कोण होतं तेही बघा. २०१८-१९ मध्ये लिव्हरपूलने ९७ गुण केले, अख्ख्या लीगमध्ये एकच सामना हरले, तरी दुसरे. सिटी ९८. शेवटचे चौदाच्या चौदा सामने जिंकून! तो एक पराभव सिटीकडूनच, आणि त्यात सिटीच्या स्टोन्सने गोललाइनवरून काढलेला चेंडू जेमतेम ११ मिलिमीटरने आत जायचा राहिला होता. २०२१-२२ मध्ये पुन्हा तेच, ९३ विरुद्ध ९२. पेझलींच्या मागे असं कोण लागलं होतं?

लाल_भूत_लालबाग

दोघंही मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षक फर्ग्युसनला विसरलात. १९९२-९३ पासून २१ मोसमांत १३ लीग. त्याआधी युनायटेड २६ वर्षं उपाशी होता. १९९५ च्या उन्हाळ्यात ह्यूज, इन्स, कँचेल्स्किस असे तीन खंदे विकले आणि बेकहॅम, स्कोल्स, बट, नेव्हिल या पोरांना उभं केलं. लोकांनी वेड्यात काढलं. पुढच्या मे महिन्यात लीग आणि एफए कप (बाद पद्धतीची स्पर्धा) दोन्ही घरात. ब्लॅकबर्न, न्यूकॅसल, आर्सेनल, चेल्सी, सिटी, दर चार वर्षांनी नवा वैरी आला नि हा माणूस तिथेच. लिव्हरपूलच्या १८ विजेतेपदांचा आकडाही २०११ मध्ये त्यानेच मागे टाकला.

राखीव_खेळाडू

आणि २०२४-२५ मध्ये युनायटेड पंधरावे. लिव्हरपूलने त्याच मोसमात विसावी लीग जिंकून बरोबरी केली. चालू द्या.

कोथरूडचा_रोव्हर

पैशाचा विषय निघणारच, म्हणून आमच्या ब्लॅकबर्नचं उदाहरण. पोलादवाल्या जॅक वॉकरने पैसा ओतला, स्ट्रायकर शिअरर आणला, मग सटन, आणि १९९४-९५ ची लीग ब्लॅकबर्नची! तेवढीच. २०१० मध्ये क्लब आमच्या पुण्याच्या वेंकीजने घेतला, २०१२ मध्ये रिलेगेट, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये, २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली. (कुक्कुटपालनावरचे सगळे विनोद ऐकून झालेत, कृपया नकोत.) धनाढ्य मालक अब्रामोविचच्या चेल्सीनेही १९ वर्षांत पाच लीग जिंकल्या, पण कधीही सलग दोनच्या पुढे नाही. पैशाने एखादं वर्ष विकत मिळतं. सलग चार मिळत नाहीत. त्यामुळे मी नानांच्या बाजूने.

ऑफसाइड_आबा

पैसा किती आणि कुठून आला, हाच तर प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये लीग चालवणाऱ्या खुद्द प्रीमियर लीगने सिटीवर नियमभंगाचे शंभराहून जास्त आरोप ठेवले, बरेचसे आर्थिक हिशेबांचे. सिटीने ते नाकारलेत आणि आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, हेही खरं. पण असं सावट पेझलींवर कधी नव्हतं.

उत्तर_लंडनची_सून

मी आर्सेनलवाली, त्यामुळे सिटीचं कौतुक करताना जीभ अडखळते. तरी करते. हडर्सफील्ड, आमचं १९३० च्या दशकातलं आर्सेनल, लिव्हरपूल, युनायटेड, सगळे सलग तीनवर अडले. आणि १९९६-९७ मध्ये युनायटेडने ७५ गुणांत लीग नेली होती. २०२३-२४ मध्ये आम्ही ८९ केले आणि हात चोळत बसलो, कारण सिटी ९१. शर्यतीचा वेगच त्यांनी बदलला.

ऑफसाइड_आबा

सूनबाई, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. ७५ गुणांत लीग मिळते तेव्हा खालचे संघ वरच्यांचे गुण खेचत असतात. ८९ अपुरे पडतात म्हणजे खालच्यांचं कंबरडं मोडलंय. तो सिटीचा मोठेपणा नाही, लीगचा आजार आहे.

उत्तर_लंडनची_सून

मग २०२४-२५ चं काय करायचं? सिटी ७१ गुणांवर तिसरी. एफए कप क्रिस्टल पॅलेसने नेला, तोही सिटीलाच हरवून. लीग कप (लीगपेक्षा वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) न्यूकॅसलने लिव्हरपूलकडून हिसकावला. आजारी माणूस एवढा नाचतो होय?

गुडिसनचा_गण्या

आबा, १९९० पर्यंत मोजताय तर मधलं १९८५ गिळू नका. लिव्हरपूलच्या युरोपियन कप फायनलला हेसेल स्टेडियमवर ३९ माणसं गेली आणि इंग्लिश क्लबांवर युरोपबंदी आली. त्या वर्षीचा चॅम्पियन एव्हर्टन होता. १९८७ चाही. दोन्ही वेळा आम्हाला युरोपियन कप खेळायलाच मिळाला नाही. त्यानंतरच्या लिव्हरपूलच्या विजेतेपदांना मी त्या काळाचा भाग म्हणून मोजत नाही.

ऑफसाइड_आबा

ठीक, १९८५ वर रेघ मारू. १९७२-७३ पासून १३ मोसम, आठ लीग. तरीही वरच.

निळा_नाना

२०११-१२ ते २०२३-२४ मोजा. मोसम १३, लीग आठ.

ऑफसाइड_आबा

आणि युरोपियन कप? आमचे चार, तुमचा एक.

निळा_नाना

चर्चा इंग्लंडमधल्या वर्चस्वाची चाललीये ना?