कोहळ्याच्या बिया खा, पण जंतांची गोळी फेकू नका

वावरातली माय: सकाळी ग्रुपवर वाचलं, "कोहळ्याच्या मूठभर बिया खा अन् जंतांची गोळी फेकून द्या." माझं डोकंच तापलं. हेच मी केलं होतं. लेकरू सहा वर्षांचं, दिवसभर अनवाणी वावरात. महिनाभर बिया सोलून गुळासंग चारल्या. पोरगं पांढरंफटक पडलं, भिंतीची माती चाटायला लागलं. संडास तपासली तर अंकुशकृमी. ते तळपायातून शिरतात अन् आतड्याला चिकटून रक्त पितात. अल्बेंडाझोल अन् रक्तवाढीचं औषध दिलं, तेव्हा कुठं अंगणात पळायला लागलं. अंगणवाडीत ही गोळी फुकट देतात हो!

जुना कास्तकार: ताई, ते पोस्ट मीच टाकली हाय. अमेरिकेच्या औषधकोशात १८६३ ते १९३६ पर्यंत ह्या बिया जंतांवर होत्या, हे काही आमच्या घरचं खूळ नोहे. अन् मी रात्री चार-चार खेपा लघवीले उठत होतो. बिया सुरू केल्यापासून एकदाच उठतो. हे बी खोटं काय?

रात्रपाळीची नर्स: काका, औषधकोशात त्या मुख्यतः पट्टकृमीसाठी, म्हणजे फितीसारख्या लांब जंतासाठी होत्या. ताईंच्या पोराला अंकुशकृमी होता. तुमच्या लघवीचं म्हणाल, तर जर्मनीतही त्या तक्रारीवर बियांना मान्यता मिळाली, पण त्रास कमी होतो, वाढलेली प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) लहान होत नाही, असं तिथंच लिहिलंय. आधी तपासून घ्या.

पुण्यात नोकरी: भोपळ्याच्या बिया म्हणा. कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढरा.

बोंडंवाली: काऊन म्हणू? पोळ्याला बोंडं कोहळ्याचीच करतो आम्ही. इथं भोपळा म्हटलं की बाजारवाला दुधी काढून देते!

जुना कास्तकार: नावाचं सोडा, भावाचं बोला. मागच्या साली आठ किलोचं कोहळं आठवडी बाजारात तीस रुपयाले मागितलं. बैलबंडी भरून वापस आणली, अर्धी ढोरापुढं टाकली. बिया उकिरड्यावर. अन् पोरीनं शहरातून पावभर मगज आणला तो दोनशेचा! आमच्याच बिया सोलल्या की औषध होतात काय?

पुण्यात नोकरी: सोलायची मेहनत असते, काका.

जुना कास्तकार: मेहनत आम्हाले शिकवू नोको, बापू. नांगरणी, निंदण कोण करते?

वावरातली माय: काका, भावाचं तुमचं खरं आहे, माझीही कोहळी तशीच गेली. पण गोळीचं काय?

जुना कास्तकार: काढतो ती ओळ. बियांची नाही काढत.

वावरातली माय: बियांची राहू द्या. पण आत्ताच काढा, माझ्या जावेनं ती पोस्ट पुढं पाठवली आहे.